किल्ली

आमच्या निगडी प्राधिकरणात दोन बंगल्यांमधली कंपाउंडची भिंत साडेचार फूट. पलीकडची बाई खांद्यापर्यंत दिसते, तिच्या हातातली झाकलेली वाटी दिसते, रात्री झोप झाली की नाही तेही दिसतं; गाऊनची उसवलेली शिवण तेवढी दिसत नाही. गप्पांना याहून बरी उंची नाही. १९७२ साली हे प्राधिकरण स्थापन झालं ते कारखान्यातल्या लोकांना घरं मिळावीत म्हणून. भिंतीची उंची ज्यानं ठरवली तो इंजिनिअर मात्र बायकोला विचारून आलेला असणार.

तर १४ जून २०२५, शनिवार. सकाळी सातलाच वहिनी भिंतीशी. हातात वाटी नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.

"अगं, रद्द करावं का गं?"

काय ते मला विचारावं लागलं नाही. आदल्या दिवशी इस्रायलनं इराणवर हल्ला केला होता, त्याच्या आदल्या दिवशी अहमदाबादला विमान कोसळलं होतं, आणि वहिनी-भाऊजींचं तिकीट २४ जूनच्या पहाटेचं होतं. मुंबई ते दोहा, दोहा ते फ्रँकफर्ट, पुढे रेल्वेनं मुलाकडे, स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला.

आता हे झिंडेलफिंगेन आमच्या गल्लीला परकं नाही. मर्सिडीजचा मोठा कारखाना तिथे आहे आणि मर्सिडीजचाच दुसरा कारखाना आपल्या चाकणला आहे. २००९ साली मर्सिडीज आणि फोक्सवॅगन दोघीही चाकणला आल्या, तेव्हापासून निगडी-चिंचवडातली निम्मी पोरं जर्मन शिकायला लागली. आमच्या कामवाल्या मावशींनासुद्धा स्टुटगार्ट नीट म्हणता येतं. त्यांना चाकणला जायला दीड तास लागतो, ते स्टुटगार्टपेक्षा लांब वाटतं, असं त्या म्हणतात. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी अडकलेला कुणीही याला हरकत घेणार नाही.

वहिनींचा मुलगा सहा आठवड्यांसाठी कंपनीच्या कामाला अमेरिकेत निघाला होता, सून-नातू बरोबर. मागे राहणार भाड्याचं घर, बाल्कनीतली टोमॅटोची रोपं आणि एक मांजर. मांजराचं नाव बाकरवडी. त्याला थायरॉईड आहे, रोज दोन वेळा गोळी. तिकडे म्हणे अनोळखी लोकसुद्धा एकमेकांची घरं आणि मांजरं सांभाळायला जातात, राहायला फुकट मिळतं म्हणून. त्याला हाऊस सिटिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला घर राखणं म्हणतात आणि ते आईबापांनी करायचं असतं.

"मांजरासाठी लढाईत कोण जातं गं?" वहिनी म्हणाल्या.

"असं कोण म्हणालं?"

त्यांनी हनुवटीनं रस्त्यापलीकडे खूण केली. समोरच्या काकू.

इथे मला जरा थांबून बोललं पाहिजे. याच गल्लीतून गेल्या दहा वर्षांत सहा-सात जोडपी परदेशी बाळंतपणाला गेली. डिंकाचे लाडू, आळीव, बाळगुटी, बॅग तेवीस किलोच्या वर गेली म्हणून विमानतळावर उघडून बसलेली. युक्रेनची लढाई सुरू झाली त्या महिन्यात एक जण पोलंडला गेली लेकीच्या बाळंतपणाला. पोलंडला! युक्रेनच्या कुंपणाला कुंपण. तेव्हा याच समोरच्या काकूंनी तिला हिंग-जिऱ्याच्या पुड्या दिल्या आणि "आईच ती, जाणारच" म्हणून डोळे पुसले. धोका तेव्हा जास्त होता की आता? पण कारण बाळंतपण असलं की क्षेपणास्त्रं दिसत नाहीत आणि कारण मांजर असलं की गल्लीतल्या प्रत्येकाला आकाशात ती दिसायला लागतात. वहिनींना भीती दोह्याची कमी होती. "एवढं पेटलंय आणि हे दोघं निघाले मांजराला गोळी भरवायला" या वाक्याची जास्त होती.

मी विचारलं, "भाऊजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? टेल्कोत छत्तीस वर्षं काढली. ब्रेकडाऊन झाल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही म्हणतात."

(टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली तरी आमच्याकडे टेल्को ती टेल्कोच.)

भाऊजींचं म्हणणं मला पुढच्या दोन-तीन दिवसांत भिंतीवरून हप्त्याहप्त्यानं कळलं, आणि खरं सांगते, सगळ्या गल्लीत तेच एक डोक्यानं बोलत होते. पहिली गोष्ट, युद्ध जर्मनीत नाही, वाटेत आहे. म्हणजे प्रश्न जायचं की नाही हा नाही, कुठून जायचं हा आहे. दुसरी गोष्ट, तिकीट आपण होऊन रद्द केलं तर सव्वा लाखातले जेमतेम कर परत मिळणार. विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे, नाहीतर दुसरं विमान. मग आपण आधी का बोलायचं? त्यांना बोलू दे. तिसरी गोष्ट विम्याची. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, तो त्यांनी काढला होता. वहिनींना वाटत होतं की एवढा मोठा विमा आहे, तर घाबरून घरी बसलो तरी पैसे मिळतील. एजंटानं सांगितलं, काकू, तो आजारपणाचा आहे, आणि प्रवासाच्या बहुतेक विम्यांत युद्ध हे बारीक अक्षरात वगळलेलंच असतं. वहिनींनी पॉलिसी भिंतीवर ठेवून मला वाचायला लावली. माझा चष्मा आत होता, त्यांचा नंबर वेगळा. दोघींनी मिळून एक चष्मा आलटून-पालटून लावून ते कलम शोधलं. होतं.

"मग दुसरं तिकीट काढा ना, सरळ मुंबई-फ्रँकफर्ट."

"दुप्पट सांगतायत आता. आणि एअर इंडियाला पाकिस्तानवरून जाता येत नाही, एप्रिलपासून. इराणवरून तर आता कुणीच जात नाहीये. सगळी विमानं वळसा घालून. घोरावाडीला जायचं तर चाकणवरून."

आमच्या ह्यांनी तेवढ्यात खिडकीतून तोंड घातलं. "अहो, आपल्या लोहगावहून लुफ्तान्साचं थेट फ्रँकफर्टचं विमान होतं की! २००८ ला सुरू झालं होतं. सगळ्या मोठ्या खुर्च्या." ते विमान बंद होऊन जमाना झाला, पण आमचे हे अजून त्यातून उतरलेले नाहीत. त्यात बसले कधीच नव्हते, हा भाग वेगळा.

रविवारी, १५ तारखेला, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. पावसाळी रविवार, पुलावर फिरायला आलेल्यांची गर्दी. चार माणसं गेली. आमच्यापासून गाडीनं अर्धा तास. त्या संध्याकाळी वहिनी भिंतीशी आल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मागच्या श्रावणात आपण तिथेच उभ्या होतो गं." मी हो म्हटलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी इराणचा विषय काढला नाही.

पण समोरच्या काकूंनी काढला. काकूंचा भाचा चाकणला एका जर्मन कंपनीच्या पुरवठादाराकडे आहे, त्यामुळे जागतिक राजकारणाचा शेवटचा शब्द त्यांचा. भाच्याचा जर्मनी दौरा कंपनीनं पुढे ढकलला होता. "कंपन्यांना कळतं, आपल्याला कळत नाही," काकू फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या. मला ते खटकलं. कंपनीचा दौरा पुढे गेला तर साहेब व्हिडिओवर मीटिंग घेतो. मांजराला व्हिडिओवरून गोळी कशी देणार? पण मी गप्प बसले, कारण काकूंकडे आमचा मिक्सर होता.

खरं बोलले ते कोपऱ्यावरचे अण्णा. वय एकोणऐंशी. आकुर्डीत वेल्डर होते, मग कुवेतला गेले, आणि २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य आत आलं तेव्हा तिथेच होते. इराकमधून बसनं, उन्हातान्हात, जॉर्डनला अम्मानपर्यंत, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी आणली होती सरकारनं. अण्णा ही गोष्ट दर गणपतीत सांगतात, आम्हाला पाठ आहे. पण यावेळी त्यांनी नवीन सांगितलं.

वहिनींनी विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही असता तर गेला असतात?"

अण्णा म्हणाले, "मी होतो ते घर लढाईत होतं. तुझं घर लढाईत नाही. ना हे, ना ते. तू दोन शांत घरांच्या मधे उडणार आहेस. अडकलीस तर विमानतळावर अडकशील, खुर्चीत, एसीत. कंटाळशील." मग म्हणाले, "पासपोर्ट आणि औषधं बॅगेत टाकू नको, अंगावर ठेव. आणि चार दिवसांच्या गोळ्या जास्त घे. मांजराच्या नाही, तुझ्या."

एवढं बोलून ते घरात गेले आणि एक किल्ली घेऊन आले. पितळी, बोटाएवढी. कुवेतच्या खोलीची. निघताना कुलूप लावून निघाले होते, आत फ्रीज, टेपरेकॉर्डर, मुलीसाठी घेतलेली सायकल. शेजारी कुणी उरलंच नव्हतं, मग किल्ली देणार कुणाला? पस्तीस वर्षं खिळ्याला लटकते आहे. अण्णांनी ती वहिनींच्या हातात दिली, वहिनींनी माझ्या हातात दिली, मी परत अण्णांना दिली. यावर कोण काय बोलणार?

१९ तारखेला तुकोबांची पालखी आली. आमच्याकडे भक्ती-शक्ती चौकात स्वागत असतं, मग मुक्काम आकुर्डीला. वहिनी दरवर्षी वारकऱ्यांना चहा देतात. दोनशे कप, आलं घालून, पातेलं आमचं. यंदा पाऊस होता. एक म्हातारी ओट्यावर टेकली, परभणीकडची. पेरणीच्या दिवसांत घरदार सोडून निघालेली. वहिनींच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, त्यांनी तिला विचारलं, "आजी, घर कोण बघतं मागं?"

"घर काय बघायचं? किल्ली शेजारणीकडं हाय. म्हस बी तिच्याकडंच."

"आणि शेजारीण वारीला आली तर?"

"मग तिची म्हस माझ्याकडं की." आणि कप पुढे केला, अजून अर्धा.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी मला यादी आणून दिली. म्हणजे ठरलं. तोंडानं काही म्हणाल्या नाहीत, पण बाईनं यादी दिली की ती जाणार.

आता याद्या दोन होत्या, आणि त्या दोन्ही मी वाचल्या आहेत. एक मुलानं जर्मनीहून आईबाबांना पाठवलेली, चार पानी. कचऱ्याचे डबे किती रंगांचे आणि कुठला कुठल्या वारी बाहेर ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, मग बंद. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पाण्याच्या बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानात परत दिल्या की पंचवीस सेंट मिळतात. आणि 'केअरवोखे'. हे त्या भागातलं खास. इमारतीचा जिना आणि पुढची वाट झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घरावर येते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवतात. टाळता येत नाही, शेजारी बघत असतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इथे छत्तीस वर्षं मी रोज फाटकापुढे सडा घालते, कुणी पाटी लावली नाही. तिकडे जाऊन जिना झाडायचा, तो सरकारी!" सरकारी नाही, भाडेकरारातला, असं भाऊजींनी आतून सांगितलं.

दुसरी यादी माझ्यासाठी, दूधवाल्याच्या बिलाच्या पाठीमागे. तुळशीला पाणी, पाणी दिवसाआड येतं तेव्हा टाकी भरली की कॉक बंद. (२०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड आहे, तरी आम्ही अजून "सध्या" म्हणतो.) संध्याकाळी दिवा, पण रोज एकाच वेळेला लावायचा नाही, पाळत ठेवणाऱ्याला अंदाज येतो. दाराबाहेर भाऊजींच्या जुन्या चपला ठेवल्या आहेत त्या तशाच राहू द्यायच्या, मधून मधून जागा बदलायची. पेपर बंद केलाय, तरी टाकला तर लगेच उचलायचा. दूध सप्टेंबरपर्यंत बंद. आंब्याच्या झाडाखाली पोरं आली तर ओरडायचं, पण फार नाही. आणि शेवटी: 'समोरून कुणी विचारलं तर गावाला गेलेत म्हणायचं. कुठल्या ते सांगू नये.'

माझ्या मते दुसरी यादी जास्त अवघड होती. जर्मन यादीत सगळं लिहिलेलं होतं. या यादीत चपलांची जागा किती दिवसांनी बदलायची ते कुठे लिहिलंय?

रविवारी २२ ला सकाळी उठतो तर अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकलेले. समोरच्या काकू फाटकाशी आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त वहिनींच्या घराकडे बघून मान हलवली. यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं. वहिनींनी भिंतीशी येऊन मला म्हटलं, "आता रद्द केलं तर त्यांचं खरं होतं." मी म्हटलं, "आणि गेलात तर?" त्या म्हणाल्या, "गेलो आणि काही झालं तरी त्यांचंच खरं होतं." म्हणजे काकूंचं दोन्हीकडून खरं होतं. अशा बाईकडे मिक्सर ठेवायचा नसतो.

सोमवारी रात्री साडेनऊला टॅक्सी आली. मी दहीसाखर दिली. वहिनींनी मला किल्ली दिली, भिंतीवरूनच, फाटकातून देणं त्यांना अशुभ वाटतं. गॅस बंद, मेन स्विच बंद, फ्रीज रिकामा करून दार अर्धवट उघडं, गाद्यांवर जुन्या साड्या. गाडी वळली. अण्णा कोपऱ्यावर उभे होते, त्यांनी हात केला. मी घरात आले आणि ह्यांनी टीव्ही लावला.

कतारनं आकाश बंद केलं होतं. थोड्याच वेळात बातमी आली, इराणनं दोह्याजवळच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली.

फोन लावला तर भाऊजी घाटात, रेंज नाही. लागला तेव्हा ते खाली उतरून फूड मॉलला पोचले होते. वहिनी वडापाव खात होत्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि टीव्हीवर दोहा दिसल्यावर त्या आधी वडापाव संपवून मग घाबरल्या. भाऊजी म्हणाले, "थांबू. त्यांनी रद्द केलं नाहीये अजून." पावसात दोन तास थांबले. कॉफी, चहा, परत कॉफी. साडेबाराला मेसेज आला: उड्डाण रद्द, पर्याय कळवू. द्रुतगती मार्गावर मागे फिरायला जागा नसते. खालापूरला बाहेर पडून उलट्या बाजूनं घाट चढायचा. टोल पुन्हा. ड्रायव्हर, बिचारा, म्हणाला, "काकू, लढाईचं भाडं लावत नाही, परतीचं तेवढं द्या."

सव्वादोनला आमच्या दाराची बेल वाजली. दोघं भिजलेली, चार बॅगा. किल्ली माझ्याकडे ना!

मी किल्ली काढायला वळले तर भाऊजी म्हणाले, "राहू दे."

"म्हणजे?"

"घर आता नीट बंद झालंय. उघडलं की परत सगळं करावं लागेल. फ्रीज, मेन स्विच, गाद्या. दोन दिवसांत दुसरं विमान देतील. तोवर इथेच बसू का?"

वहिनी काही म्हणाल्या नाहीत, त्यांनी सरळ आमच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्याचा तुकडा शोधला. चहा झाला. साडेतीनच्या पुढे टीव्हीवर ट्रम्पनं युद्धबंदी जाहीर केल्याची पट्टी सरकू लागली, आणि दोह्याचं आकाश तर त्याआधीच उघडलं होतं. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "काही तासांचा ब्रेकडाऊन," म्हणाले, "आणि नेमका आपल्या शिफ्टला." मग मुलाला फोन. तो म्हणाला, दोन दिवस बाकरवडीला खालच्या मजल्यावरची आजी गोळी देईल, तिच्याकडे किल्ली आहे. फक्त शनिवारपर्यंत पोचा, आपली केअरवोखे आहे.

सकाळी विमान कंपनीचं आलं: गुरुवारचं विमान, जादा पैसे नाहीत. मग मंगळवार आणि बुधवार वहिनी आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या, भिंतीच्या अलीकडच्या बाजूला, स्वतःच्या घराकडे तोंड करून. आंब्याखाली पोरं आली, ओरडल्या, पण फार नाही. पेपरवाल्यानं पेपर टाकला, मला उचलायला पाठवलं. बुधवारी संध्याकाळी समोरच्या काकू आमचा मिक्सर परत करायला आल्या, वहिनींना बघून दचकल्या, आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही गेला नाहीत?"

"गावाला गेलोय," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अगं, चपला हलवल्यास का आज?"